बिनसाखर

मॅडमनी विचारलं, "काका, दिवसाला व्यायाम किती?"
मी हसलो. उगाच नाही हसलो.
टोळी नंबर चारशे बारा,
आधी मशीद बंदर, मग तुर्भ्याचं मार्केट,
चौतीस वर्षं साखरेची गोणी.
शंभर किलोची असायची, पुढं पन्नासची झाली,
तोवर मणक्यानं आपला निर्णय घेतला होता.
ट्रकातून फळीवर, फळीवरून थप्पीला.
मॅडमनी लिहिलं: व्यायाम नाही.

खरंच आहे. आता नाही.

तेव्हा सकाळीच पाच भाकरी लागायच्या,
दुपारी गजरानं बांधून दिलेला भात,
चहा दर ट्रकामागं एक,
चमचा उभा राहील इतका गोड.
गोणीला भोक पडलं की चिमूटभर जिभेवर,
मुकादम दुसरीकडं बघायचा.

पंधरा साली भार उतरला.
भुकेला कुणी सांगितलंच नाही.
ती आपली रोज वेळेवर हजेरी लावते,
पाच भाकरींचा हिशेब मागते.
अन् जी साखर एवढी वर्षं पाठीवर वाहिली
ती खाली ठेवली तर कुठं ठेवली,
ते रिपोर्टात आलं.

कागदावर लिहून दिलंय:
पालेभाजी, अर्धी वाटी भात, नाचणी.
नाचणी!
पाटणच्या डोंगरात पाहुणा आला
की आई नाचणीची भाकरी टोपल्याखाली झाकायची.
भात खाता यावा म्हणून तर मी घाट उतरलो.
आता तीच सेक्टर पंधराच्या दुकानात
काचेच्या बरणीत बसलीय.
भाव विचारला, नमस्कार केला अन् निघालो.

चालायला बाग आहे कोपरखैरण्यात,
डम्पिंगवर माती टाकून केलेली.
खाली शहराचं जुनं उष्टं,
वर आम्ही म्हातारे,
आपापलं रक्तात घेऊन गोल गोल.
तात्याबा शेडगे कडेकडेनं चालतो,
गेल्या आषाढात त्याचा अंगठा कापला.
म्हणतो, "गड्या, रिकाम्या पाठीनं चालता येत नाही,
वारा ढकलतो."
मलाही पहिले आठ दिवस तसंच,
डावा खांदा खाली, मान उजवीकडं,
नसलेल्या गोणीला जागा करून देत.
शेवटी पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या घातल्या,
खांद्याला अडकवली,
तेव्हा कुठं पाय सरळ पडायला लागले.
नातवानं मनगटाला पट्टा बांधलाय, पावलं मोजतो.
"आजोबा, शून्यापासून सुरू होतं हे."
बरं म्हटलं.

दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिलो: एकसष्ट.
माझ्याच गोणीपेक्षा एकोणचाळीस किलो कमी.
तात्याबाला म्हटलं,
"वेळ आली तर चौघं नकोत, तू एकटा पुरशील."
तो म्हणाला, "वाराई कोण देणार?"

घरी साखरेचा डबा माळ्यावर गेलाय.
गजरानंही सोडली, माझ्यासाठी.
"एका घरात दोन चहा कशाला?"
परवा ती भजनाला गेलेली.
स्टूल घेतलं, डबा उतरवला.
उघडायचा नव्हता, शपथ.
नुसता तळहातावर धरला.
हात अजून तोलतो.
मार्केटात मी गोणी उचलताच सांगायचो
कुणी वाटेत किती मारलीय ते.

गेल्या रविवारपेक्षा
तीन चमचे हलका.

डबा होता तसा ठेवला,
चेमटलेली बाजू भिंतीकडं.
संध्याकाळी तिनं चहा दिला.
मी म्हटलं, "आज गोड लागतोय गं."
ती गॅसकडं वळली
अन् बराच वेळ
वळलेलीच राहिली.